जकात चौकाचं विरजण

माझा भाऊ लोकांच्या गच्च्यांवर डांबर घालतो आणि मी शहरातलं डांबर जिवाणूंना खाऊ घालते, यावरून आमच्या घरात दोन वर्षं थट्टा चालली होती. "मी वरनं घालतो, तू खालनं खा," असं मी त्याच्याकडे जेवायला गेले की रणजितदादा म्हणायचा आणि वहिनी हसत आमटी वाढायची. ही थट्टा थांबली ती २०४१ सालच्या मे महिन्यात. का थांबली ते सांगते. त्यात चूक माझी आहे, आणि ती मला कुणी करायला लावली नव्हती. मी ती हौसेने केली.

मी मयूरी वाघमोडे, महापालिकेच्या उद्यान खात्यात पर्यवेक्षक. जकात चौक माझ्याकडे आला तेव्हा त्याला चौक म्हणायचं म्हणजे धाडसच होतं. जकात बंद होऊन पंचवीसेक वर्षं झालेली. एके काळी इथे ट्रकच्या रांगा लागायच्या, म्हणून दीड एकर जागेवर नुसतं डांबर. जकात गेली, ट्रक गेले, डांबर तेवढं राहिलं. त्यावर चाकं नसलेल्या गाड्या, फुटके कमोड, मांडववाल्याने टाकून दिलेले बांबू. उन्हाळ्यात दुपारी जमिनीवर तापमापी टेकवली की आकडा पासष्टच्या वर जायचा. आसपासच्या चार सोसायट्यांतल्या बायका मार्चनंतर त्या बाजूच्या खिडक्या उघडतच नसत.

बाग करायची तर डांबर उखडून टाकायचं कुठे, आणि माती आणायची कुठून? शेतातली माती शहरात आणायला पाच वर्षांपूर्वीच कायद्याने बंदी झाली होती. ती योग्यच होती. शेतांनाच माती पुरेना, तिथे आमच्या बागांना कुठली मिळणार?

उत्तर डॉ. फरझाना बागवान यांच्याकडे होतं. आडनाव बागवान आणि आयुष्य गेलं सूक्ष्मजीवांत, असं त्या स्वतःच सांगायच्या. डांबर म्हणजे कर्बाच्या लांबच लांब साखळ्या. तेल सांडलेल्या जमिनीत अशा साखळ्या तोडून खाणारे जिवाणू निसर्गातच सापडतात, फक्त त्यांचा वेग फार मंद असतो. बागवान मॅडमनी त्यातले तीन निवडून त्यांची भूक वाढवली आणि जोडीला एक बुरशी दिली. बुरशी आपल्या बारीक तंतूंनी डांबराचा कडक थर फोडते, जिवाणू आत शिरून तो पचवतात, आणि मागे उरतं ते खडीच्या चुऱ्यात मिसळलेलं काळं, भुसभुशीत द्रव्य. त्यात पालापाचोळा मुरला की सात-आठ महिन्यांत ती चक्क माती होते. एका पट्ट्यातली तयार माती पुढच्या पट्ट्यावर पसरायची, म्हणजे तोही दह्यासारखा लागतो. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. माझ्या माळ्यांनी पहिल्याच दिवशी त्याला विरजण म्हटलं आणि पुढे मॅडमही तेच म्हणू लागल्या.

डांबर खाणारा जीव मोकळा सुटला तर शहरातला एक रस्ता उरायचा नाही, ही भीती सगळ्यांनाच होती. म्हणून मॅडमनी त्याला वेसण घातली होती. या जिवाणूंना बी-बारा जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही आणि त्याच्यावाचून जगताही येत नाही. लागतं अगदी कणभर, पण ते बाहेरूनच द्यावं लागतं. आम्ही ते ठिबकच्या पाण्यातून द्यायचो. त्याला आम्ही खुराक म्हणायचो. खुराक थांबला की तीन दिवसांत जिवाणू मरतात, माती मात्र राहते. नळाचं पाणी, पावसाचं पाणी, गटाराचं पाणी, एवढंच काय कोरा चहासुद्धा ओतून प्रयोगशाळेत पाहिलं होतं. तीन दिवसांच्या वर कुठेच काही जगलं नाही.

दीड वर्षात चौक ओळखू येईना. करंज आणि शिरीष डोक्याच्या वर गेले, बहावा कमरेपर्यंत आला. अर्ध्या भागात अजून डांबर होतं, पण उरलेल्या अर्ध्यात संध्याकाळी बसायला जागा मिळत नव्हती. संमती सोसायटीतल्या कुंभोजकर काकूंनी त्या बाजूची खिडकी उघडली, तेव्हा मुद्दाम मला फोन करून सांगितलं, "मयूरी, वारं येतंय गं!" मला त्या दिवशी रडू आलं. सरकारी नोकरीत असा फोन किती जणांना येतो?

त्याच आनंदात मी संक्रांतीचं हळदीकुंकू चौकात केलं. आसपासच्या एकेचाळीस बायका आल्या. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे द्यायचा मला कंटाळा आला होता. मी चौकातली माती कागदी कुंड्यांत भरली, प्रत्येकीत कढीपत्त्याचं रोप लावलं आणि एकेकीच्या हातात दिलं. "आपल्या चौकाची माती आहे, सांभाळा," असं वर भाषणही ठोकलं. नियमाप्रमाणे ती माती कुंपणाबाहेर न्यायची नव्हती. पण तीन दिवस खुराकाविना गेले की आत काही उरत नाही, हे शास्त्र मला पाठ होतं. मी एवढंच विसरले की आमच्याकडे कढीपत्त्याला कुणी नुसतं पाणी घालत नाही.

*

मे महिन्यात दोन वळीव झाले आणि संमती सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर छत गळायला लागलं. मग शेजारच्या इमारतीत, मग पलीकडच्या. आठवड्यात सात गच्च्या. सातही गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग दादाने केलेलं. पाण्याच्या टाकीवर त्याचं नाव रंगवलेलं असायचं, 'रणजित वाघमोडे, दहा वर्षांची खात्री'. बावीस वर्षांत त्या खात्रीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आता ठेवलं. भेसळीचं डांबर वापरलं, जळकं ऑइल मिसळलं, असं काय काय लोक बोलायला लागले. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी दादाचा फोटो टाकून खाली 'यांच्यापासून सावध' असं लिहिलं. दादा एरवी तापट, पण यावर एक शब्द बोलला नाही. रोज सकाळी एकेका गच्चीवर जायचा, उकिडवा बसून बघायचा आणि परत यायचा. वहिनीने मला फोनवर सांगितलं, "दोन दिवस झाले, ताटावरनं अर्धवट उठतायत."

मी तावातावाने कुंभोजकर काकूंकडे गेले. माझ्या भावाला भेसळखोर म्हणणाऱ्यांना चार शब्द सुनवायचे म्हणूनच गेले होते.

"मी कुठं काय म्हटलं?" काकू म्हणाल्या. "पण वर जाऊन बघ की. डांबराचा पार भुगा झालाय."

गच्चीच्या कोपऱ्यात माझं वाण होतं. कागदी कुंडी केव्हाच विरली होती, काकूंनी रोप मोठ्या कुंडीत हलवलं होतं. कढीपत्ता असा तरारून आला होता की बघत राहावं. कुंडीच्या भोकातून पाझरलेल्या पाण्याचा ओघळ उताराने गेला होता, आणि त्या ओघळाच्या वाटेवर डांबर नव्हतंच. हात लावला तर बोटांना ओली, काळी माती लागली. मी ती उकरली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, डांबराच्या जागी, एक गांडूळ वळवळत होतं.

मी कुंडीकडे वळले.

"काकू," मी विचारलं, "याला पाणी कुठलं घालता?"

"पाणी रोज नळाचं. आणि आठवड्याला आंबट ताक. कढीपत्त्याला ताक घातल्याशिवाय वास येतो होय?"

ती माती मी काकूंच्याच लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली आणि तशीच प्रयोगशाळेत नेली. बागवान मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहिलं, मग चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

"दुधात बी-बारा असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "ताकात थोडं उरतं. यांना तेवढं पुरतं. मयूरी, आमच्या सुरक्षा समितीत अकरा माणसं होती. कोरा चहा ओतून पाहिला आम्ही! ताक कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझी आई गेली चाळीस वर्षं कढीपत्त्याला ताक घालते, आणि मला ते सुचलं नाही."

"आता पुढे काय?"

"नियम तुला माहीत आहे. विरजण बाहेर सापडलं तर बाहेरचं तर मारायचंच, मूळ जागाही मारायची. मीटरभर खोल वाफ सोडायची. झाडं, गांडुळं, सगळं जातं. वर ती माती दहा वर्षं जागेवरून हलवायची नाही." त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली. "या बरणीवर नाव नाही, तारीख नाही, कुठली माती तेही लिहिलेलं नाही. असा नमुना मला नोंदवता येत नाही. तू लिहून आणलंस की चोवीस तासांत मला वर कळवावं लागेल. सोमवारपर्यंत मी काही विचारणार नाही. त्यापुढे मला झोप लागायची नाही."

मी बरणी घेऊन घरी आले. आज सांगते, उद्या सांगते, असं करत चार दिवस काढले. स्वतःला काय काय समजावलं! एकेचाळीस कुंड्या मी गुपचूप गोळा करीन. ताक घालू नका म्हणून सांगीन, काहीतरी कारण काढीन. गच्च्या काय, पुन्हा होतील. दादाचं नाव वर्षभरात लोक विसरतील. चौक मात्र एकदा मेला तर महापालिका दुसऱ्यांदा जन्माला घालणार नाही. संध्याकाळी चौकात जायचे आणि पोरं करंजाखाली लंगडी खेळताना दिसली की मला वाटायचं, गप्प बसणंच बरोबर. मग घरी जाताना वाटेत दादाच्या दारात कामाविना उभी असलेली त्याची गाडी दिसायची. त्या चार दिवसांत माझी मलाच लाज वाटत होती, आणि तरीही मी बोलत नव्हते.

*

रविवारी सकाळी अकरा वाजता संमती सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैठक होती. सात इमारतींतली साठ-सत्तर माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये एक टेबल. दादा टेबलाशी एकटा उभा होता. वहिनी आली नव्हती. मी मागच्या रांगेत बसले. पर्समध्ये बरणी होती, तिच्यावर अजून काही लिहिलं नव्हतं.

चेअरमन पाटणे म्हणाले, "रणजितराव, आम्हाला भांडायचं नाही. बावीस वर्षांचा संबंध आहे. फक्त खरं काय ते सांगा."

दादाने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती आली आणि लगेच पुढे गेली.

"खरं सांगायचं तर," तो म्हणाला, "माल हलका वापरला मी. गेल्या दोन-तीन वर्षांत. चूक झाली माझी. लेखी देतो. गच्च्या पुन्हा करून देतो."

कुणीतरी "बघा, म्हटलं नव्हतं?" असं पुटपुटलं. माझा भाऊ खोटं बोलत होता. डांबराचा गोळा बोटांत मळून त्यातली भेसळ सांगणारा माणूस, ज्याने आयुष्यात हलका माल गाडीत चढू दिला नाही, तो साठ माणसांसमोर स्वतःला चोर म्हणवून घेत होता. आणि मला एका क्षणात कळलं की त्याला सगळं माहीत आहे. रोज सकाळी गच्चीवर उकिडवा बसून तो माझीच माती बघत होता.

मी उठले.

"दादा खोटं बोलतोय."

"मयू, खाली बस," तो ओरडला.

"नाही बसणार. पाटणेकाका, याच्या डांबराला काही झालेलं नाही. ते माझ्या मातीने खाल्लं. मी वाण दिलं त्या मातीने." आणि मग मी सगळं सांगितलं. विरजण, खुराक, ताक, गांडूळ. बरणी टेबलावर ठेवली. नियम काय आहे आणि आता चौकाचं काय होणार, तेही सांगितलं. काही गाळलं नाही.

मग कुंभोजकर काकू उभ्या राहिल्या.

"म्हणजे माझ्या ताकानं झालं हे?"

"नाही काकू. माझ्या वाणाने झालं."

"अगं, पण मी त्याची पिल्लं काढून बहिणीला दिली जयसिंगपूरला. मुळाशी माती ठेवून दिली. तुझीच म्हणून कौतुकानं."

"मी माहेरी दिलं एक," मागून दुसरी म्हणाली. मग तिसरी म्हणाली. एकेक हात वर व्हायला लागला. मी गुपचूप गोळा करणार होते त्या एकेचाळीस कुंड्यांच्या एव्हाना किती झाल्या होत्या, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

घरी जाताना दादा झपझप माझ्या पुढे चालत होता. त्याच्या दारापाशी आल्यावर एकदम वळला.

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? मी निस्तरलं असतं. महिनाभर शिव्या खाल्ल्या असत्या, संपलं असतं. तुझा चौक राहिला असता."

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव काय चाटायचंय?" तो म्हणाला, आणि मग त्याचे डोळे भरून आले. "वासावरनं पहिल्याच दिवशी कळलं मला. चार दिवस वाट बघितली मी, तू येऊन सांगशील म्हणून. आली नाहीस तेव्हा वाटलं, हिला चौक जास्त प्यारा आहे. मग म्हटलं, असू दे. तिला पाहिजे तर तसं."

मी त्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले. वहिनीने पाणी आणून दिलं.

*

सोमवारी मी बरणीवर नाव, तारीख, ठिकाण लिहिलं. पंधरा दिवसांत एकशे सतरा कुंड्या परत आल्या, तीन जिल्ह्यांतून. बायका रिक्षातून, एसटीतून घेऊन आल्या. बागवान मॅडम एकेका कुंडीची माती तपासत होत्या. ज्या बायकांनी ग्रुपवर दादाच्या त्या फोटोखाली पसंतीचे अंगठे टाकले होते, त्याही आल्या. दादा तिथे कुंड्या उतरवून घ्यायला उभा होता. माफी फारशी कुणी मागितली नाही. "जड आहे, सांभाळून," एवढंच बहुतेकजणी म्हणाल्या, आणि त्याने प्रत्येक कुंडी दोन्ही हातांनी घेतली.

गच्च्यांवरची माती आधीच वाफवून झाली होती; चौकात वाफ सोडायला तीन दिवस लागले. पहिल्या सकाळी लोक कुंपणाबाहेर उभे होते. नळ्या जमिनीत घातल्या, भट्टी सुरू झाली आणि मातीतून पांढरे लोट निघायला लागले. दुपारपर्यंत शिरीषाची पानं शिजलेल्या भाजीसारखी लोंबली. एक छोटी मुलगी आईला विचारत होती की झाडांना भाजतंय का. आईने तिला उचलून घेतलं आणि ती निघून गेली. मी शेवटपर्यंत थांबले. ती शिक्षा मला कुणी दिली नव्हती, पण तेवढं मी करायलाच हवं होतं.

खात्याने दिलेली शिक्षा वेगळी. माझी बदली स्मशानभूमीच्या झाडांकडे झाली. माझी तक्रार नाही.

चौकातले नमुने ऑगस्टमध्ये तपासले, त्यात विरजणाचा मागमूस नव्हता. उरली नुसती काळी, मुकी माती. आणि सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या सभेपुढे ठराव आला. बागेचा प्रयोग फसला, जकात चौकात डांबर घालून वाहनतळ करावा. तो पास होणार हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्याआधी जमीन डांबराच्या कामाला लायक आहे की नाही, याचा दाखला शहरातल्या एखाद्या जाणकार कंत्राटदाराकडून घ्यायचा असतो. एरवी तो दाखला चहा पिता पिता लिहिला जातो. या वेळी सभेत बाचाबाची झाली, वाहनतळवाले आणि बागवाले, दोघांना मान्य होईल असा माणूस पाहिजे म्हणून. चौकालगतच्या सोसायट्यांच्या वतीने आलेल्या पाटणेंनी दादाचं नाव सुचवलं आणि त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

दादा चार दिवस चौकात होता. सहा खड्डे खणले, रोलर फिरवला, रोलर कुठे किती रुतला ते मोजलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे आला आणि कागद पुढे केला. त्याचं अक्षर शाळकरी आहे. मी वाचलं.

'सदर जागेच्या अर्ध्या भागात दीड फुटापर्यंत भुसभुशीत माती आहे. रोलर सात इंच रुततो. माती काढून खडी भरायची तर वाफ दिलेली माती दहा वर्षं जागेवरून हलवायला नियमाने मनाई आहे. उरलेल्या अर्ध्या भागाला गाड्या नेण्यास वाट याच मातीवरून आहे. या जागेवर डांबर धरणार नाही. जागा झाडांखेरीज इतर कशाच्या उपयोगाची राहिलेली नाही.'

मी दोनदा वाचलं.

"दादा, माझ्यासाठी लिहिलंस का हे? खरं आहे ना?"

"रोलर घेऊन ये आणि बघ की स्वतः," तो म्हणाला. "खोटं बोलायला मला कुठं येतंय? एकदा करून बघितलं, तर तू भर मीटिंगमध्ये पाडलंस."

सभा मंगळवारी होती. मी प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. शहर अभियंत्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि खाली सही कुणाची ते विचारलं. कारकुनाने नाव सांगितलं.

"रणजित वाघमोडे? मग प्रश्नच नाही," अभियंते म्हणाले. त्यांनी कागद वाहनतळाच्या फायलीतून काढून उद्यान खात्याच्या फायलीत ठेवायला दिला आणि महापौरांनी पुढचा विषय पुकारला.